जुनी परदेशी मोटार आणि बदललेली चाके : पणजी ते हुलसूर, एका सौद्याचा हिशेब

समजा, पणजीतील एका बंगल्याच्या आवारात आठ वर्षांची जर्मन मोटार विक्रीसाठी उभी आहे. रंग काळा, आसने चामड्याची आणि मूळच्या सतरा इंची चाकांच्या जागी चकचकीत एकोणीस इंची अलॉय व्हील. नवी होती तेव्हा तिची किंमत पन्नास लाख रुपये होती; आज मालक पंधरा लाख मागतो. घेणारा आहे हुलसूरचा, ऊस आणि तुरीच्या उत्पन्नातून चार पैसे गाठीला बांधलेला एक शेतकरी.

हुलसूर हे कर्नाटकाच्या बीदर जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. काही वर्षांपूर्वीपर्यंत ते बसवकल्याण तालुक्यात होते. १९५६ पर्यंत हा सारा मुलूख हैदराबाद राज्यात होता. भाषावार प्रांतरचनेत तो त्या वेळच्या म्हैसूर राज्याकडे गेला. महाराष्ट्राची हद्द जवळ, तेलंगणाची फारशी दूर नाही, आणि घरांतून मराठी व कन्नड अशा दोन्ही भाषा चालतात. तीन राज्यांच्या नंबरप्लेटी एकाच बाजारपेठेत दिसणे येथे कोणाला नवलाचे वाटत नाही. म्हणूनच ‘गोव्याची पाटी तशीच राहू द्या, कोण विचारतो?’ हा दलालाचा सल्ला येथे सहज गळी उतरतो.

हा सल्ला घेणाऱ्यालाही महाग पडतो आणि गोव्यात बसलेल्या विकणाऱ्यालाही. सौदा ठरतो तो रंग, आवाज आणि चाकांवर; मालकी टिकते ती चासी क्रमांक, कर आणि नोंदणी यांवर. गाडी आणि तिचे कागद यांच्यातील जी तफावत आधीचा मालक ठेवून जातो, तिची किंमत पुढचा मालक मोजतो. जुनी परदेशी मोटार घेताना वा विकताना नेमके काय तपासावे, याचा हा तपशील.

बेंगळुरूच्या दोन रोल्स-रॉइस

ऑगस्ट २०२१ मध्ये कर्नाटकाच्या परिवहन खात्याने बेंगळुरूत परराज्यांत नोंदणी असलेल्या आलिशान मोटारींवर मोहीम उघडली. जप्त झालेल्या गाड्यांत महाराष्ट्राच्या क्रमांकाची एक रोल्स-रॉइस फँटम होती आणि कागदोपत्री ती अभिनेते अमिताभ बच्चन यांच्या नावावर होती. प्रत्यक्षात ती २०१९ मध्येच बेंगळुरूतील एका व्यावसायिकाने घेतली होती. सुमारे सहा कोटी रुपये मोजल्याचे त्याने सांगितले. मात्र गाडी त्याच्या नावावर झालेली नव्हती. पुढे जुलै २०२५ मध्ये त्याच व्यावसायिकाकडील दोन रोल्स-रॉइस गाड्यांच्या थकीत करापोटी व दंडापोटी सुमारे ३८ लाख रुपयांची वसुली झाली.

या प्रकरणात लक्षात घेण्याजोग्या गोष्टी दोन. गाडी विकून दोन वर्षे उलटल्यावरही बातमीत नाव आले ते विकणाऱ्याचे. आणि कोट्यवधींची गाडी घेणाऱ्यालाही वाचवलेला कर अखेर भरावाच लागला. पंधरा लाखांच्या गाडीला हाच नियम लागू पडतो. फरक एवढाच, की हुलसूरच्या शेतकऱ्याला अनपेक्षित पाच लाख उभे करणे बेंगळुरूच्या व्यावसायिकापेक्षा कितीतरी जड जाते.

‘इम्पोर्टेड’ म्हणजे काय?

परदेशी नाव असलेली प्रत्येक गाडी आयात केलेली नसते. मर्सिडीजच्या अनेक गाड्या पुण्याजवळ चाकणला जुळवल्या जातात, बीएमडब्ल्यूच्या चेन्नईजवळ, तर ऑडीच्या छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्रा येथे. पोर्श, फेरारी, लॅम्बोर्गिनी या गाड्या मात्र तयार स्थितीत जहाजाने येतात. देशात जुळवलेल्या गाडीचे सुटे भाग आणि सेवा तुलनेने सुलभ असते. पूर्ण आयात केलेल्या गाडीच्या एखाद्या दिव्यासाठीही आठवडेच्या आठवडे थांबावे लागू शकते.

तिसरा प्रकार अधिक जोखमीचा: परदेशात वापरलेली गाडी भारतात आणणे. त्याचे नियम कडक आहेत. गाडी उत्पादनापासून तीन वर्षांपेक्षा जुनी नसावी, तिचे सुकाणू उजव्या बाजूला असावे, किमान पाच वर्षे रस्त्यावर चालण्यास ती योग्य असल्याचा दाखला असावा आणि ती मुंबई बंदरातूनच देशात यावी. त्यावर सीमाशुल्क इतके की अनेकदा गाडीच्या किमतीएवढी रक्कम शुल्कातच जाते. शुल्क इतके जड असल्यामुळेच ते चुकवण्याचा मोहही मोठा असतो. सप्टेंबर २०२५ मध्ये कोचीच्या सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी ‘ऑपरेशन नुमखोर’ या नावाने केरळात छापे घातले. भूतानमधून आणलेल्या वापरलेल्या महागड्या गाड्या बनावट कागदांच्या आधारे भारतात नोंदवून विकल्या गेल्या, असा त्यामागील आरोप होता. गाड्या ताब्यात घेतल्या गेल्या त्या अर्थातच शेवटच्या खरेदीदारांच्या दारातून.

कायदा येथे दोन गोष्टी वेगळ्या करतो. २००२ मध्ये आयात झालेल्या एका पोर्श करेराच्या प्रकरणात, आयातीच्या वेळचे कमी भरलेले शुल्क पुढच्या खरेदीदाराकडून मागण्यात आले होते. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ च्या अखेरीस निर्णय दिला, की नंतरचा खरेदीदार हा ‘आयातदार’ नव्हे. त्यामुळे ती शुल्काची मागणी त्याच्यावर टिकत नाही. हा दिलासा खरा. पण तो मिळेपर्यंत किती वर्षे गेली हेही पाहावे. शिवाय सीमाशुल्क कायद्यानुसार चोरट्या आयातीचा माल जप्त करण्याचा अधिकार स्वतंत्रपणे उरतोच. न्यायालयात जिंकण्यापेक्षा खरेदीपूर्वी कागद पाहणे स्वस्त.

पाहायचे कागद हे: आयातीच्या वेळचे ‘बिल ऑफ एंट्री’ आणि शुल्क भरल्याची पावती, किंवा कंपनीने भारतात विकलेली गाडी असेल तर मूळ विक्रीचे बीजक. आयात वाहनाच्या पहिल्या नोंदणीच्या वेळी सीमाशुल्काचा दाखला जोडणे केंद्रीय मोटार वाहन नियम ४७ नुसार आवश्यक असते. त्यामुळे ‘तो कागद आता सापडत नाही’ हे उत्तर मान्य करू नये. सतरा अक्षरांचा चासी क्रमांक गाडीच्या सांगाड्यावर, पुढच्या काचेखाली आणि दाराच्या खांबावरील पट्टीवर असा जेथे जेथे असेल तेथे जुळवावा. घासलेला, रंगवलेला वा नव्याने ठोकल्यासारखा दिसणारा क्रमांक असेल तर बोलणी तेथेच थांबवावीत. पहिल्या अक्षरावरून मूळ कंपनीचा देश कळतो, जसे डब्ल्यू जर्मनीसाठी, एस ब्रिटनसाठी, जे जपानसाठी. परंतु तेवढ्यावरून ती विशिष्ट गाडी आयात केलेली आहे की येथे जुळवलेली, हे ठरवता येत नाही.

तीस दिवस की बारा महिने?

सीमाभागात सर्वांत जास्त गैरसमज या दोन मुदतींविषयी आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४७ नुसार एका राज्यात नोंदवलेली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ ठेवली, तर तेथील नवा क्रमांक घ्यावा लागतो. दलाल याच कलमावर बोट ठेवून ‘वर्षभर चिंता नाही’ असे सांगतात. पण ही सवलत आपलीच गाडी घेऊन दुसऱ्या राज्यात राहायला गेलेल्या मालकासाठी आहे. गाडी विकत घेतली, की लागू होते ते कलम ५०. त्यानुसार नव्या मालकाने आपण जेथे राहतो वा गाडी नेहमी जेथे ठेवतो तेथील नोंदणी अधिकाऱ्याला तीस दिवसांच्या आत हस्तांतरण कळवायचे असते. हुलसूरचा रहिवासी गाडी घेऊन घरी पोहोचला, की त्याचे घड्याळ तीस दिवसांचे चालू होते, बारा महिन्यांचे नव्हे.

कागदांचा क्रम असा. गोव्याच्या वाहतूक खात्याकडून नमुना २८ मध्ये ना-हरकत दाखला घ्यायचा. त्यासाठी गाडीवरील ई-चलने भरलेली असावी लागतात आणि कर्ज असेल तर ते फेडून बँकेच्या पत्रासह नमुना ३५ भरून बोजा उतरवावा लागतो. विकणाऱ्याने नमुना २९ मध्ये विक्रीची सूचना द्यायची, दोघांच्या सह्यांनी नमुना ३० भरायचा आणि कर्नाटकाच्या नव्या क्रमांकासाठी नमुना २७. बीदरला केए ३८, भालकीला केए ३९ आणि बसवकल्याणला केए ५६ या नोंदणी मालिका आहेत. आपला पत्ता कोणत्या कार्यालयाच्या हद्दीत येतो हे आधीच विचारून घ्यावे, कारण ना-हरकत दाखल्यावर त्या कार्यालयाचे नाव लिहिलेले असते.

गाडीचे वयही पाहावे. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर नूतनीकरण करताना साध्या मोटारीला ५,००० रुपये शुल्क असले, तरी आयात मोटारीला २०२२ पासून ४०,००० रुपये लागतात. आणि ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेनुसार वीस वर्षांवरील आयात चारचाकीला ८०,००० रुपये. चौदा वर्षांची ‘स्वस्त’ आयात गाडी घेताना ही रक्कम हिशेबात धरावी.

कर लागतो तो मूळ किमतीवर

कर्नाटकाचा आजीवन कर देशातील चढ्या करांपैकी आहे. वीस लाखांहून अधिक किमतीच्या पेट्रोल वा डिझेल मोटारीला १८ टक्के कर आणि त्या करावर उपकर, असा एकूण भार सुमारे २० टक्क्यांवर जातो. परराज्यातून आलेल्या जुन्या गाडीला तिच्या वयानुसार टप्प्याटप्प्याने सूट मिळते. मात्र हिशेबाचा पाया असतो गाडीची मूळ किंमत, सौद्याची किंमत नव्हे.

आपल्या उदाहरणात मूळ किंमत पन्नास लाख. २० टक्क्यांप्रमाणे नव्या गाडीचा कर दहा लाख झाला असता. वयाची सूट मिळून समजा निम्माच कर बसला, तरी ते पाच लाख रुपये, म्हणजे सौद्याच्या किमतीचा तिसरा हिस्सा. पंधरा लाखांची गाडी हुलसूरच्या दारात वीस लाखांची होते, आणि त्यात विमा, टायर वा दुरुस्ती अजून धरलेली नाही. बयाणा देण्यापूर्वी मूळ बीजकाची प्रत घेऊन आपल्या परिवहन कार्यालयात नेमका आकडा विचारून घेणे, हा या साऱ्या व्यवहारातील सर्वांत फायदेशीर फेरा होय.

उलट दिशेचा व्यवहारही होतो. गोव्यातील वाचक महाराष्ट्रातून गाडी आणतात. महाराष्ट्रात आयात मोटारींना आणि कंपन्यांच्या नावावरील मोटारींना २० टक्के कर असून, त्याची कमाल मर्यादा १ जुलै २०२५ पासून वीस लाखांवरून तीस लाख रुपये झाली. ‘तेथे इतका कर भरला आहे’ म्हणून गोव्यातील कर माफ होत नाही. मूळ राज्यात उरलेल्या काळाच्या कराचा परतावा त्या राज्याच्या तरतुदीप्रमाणे मागता येतो. तो कोणी मागायचा आणि कोणाला मिळायचा, हे करारातच लिहून ठेवावे.

विकणाऱ्याच्या नावाने येणारी नोटीस

गोव्यातील मालकाला पैसे मिळाले, किल्ली दिली आणि कोऱ्या नमुन्यांवर सह्या केल्या, की आपण मोकळे झालो असे वाटते. कायद्याच्या नजरेत तो मोकळा झालेला नसतो. ६ फेब्रुवारी २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की अपघाताच्या दिवशी नोंदणी पुस्तकात ज्याचे नाव आहे तोच भरपाईच्या दृष्टीने ‘मालक’. त्या प्रकरणात गाडी नोंदणीकृत मालकाच्या हातून निघून पुढे अनेक हात फिरली होती. तरी जबाबदारी त्याच्यावरच आली.

म्हणून विकणाऱ्याने विक्रीची सूचना स्वतः दाखल करावी आणि तिची पोच जपून ठेवावी. गाडी व्यापाऱ्याकडे दिली असेल तर तो अधिकृत आहे का हे पाहावे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार अधिकृत व्यापाऱ्याला गाडी सोपवल्याची नोंद परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर करता येते आणि तेथून पुढील जबाबदारी त्याच्याकडे जाते. फास्टॅग बंद करावा. नाहीतर हुमनाबादजवळच्या नाक्याचा टोल पणजीच्या खात्यातून वजा होत राहील. विम्यावरील ‘नो क्लेम बोनस’ हा गाडीचा नसून विकणाऱ्याचा असतो. तो राखून ठेवण्याचे पत्र विमा कंपनीकडून घ्यावे. घेणाऱ्याने चौदा दिवसांत विमा स्वतःच्या नावावर करून घेण्यासाठी अर्ज करावा. त्रयस्थाच्या भरपाईचे संरक्षण कायद्याने आपोआप पुढे जाते, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे तसे नसते.

चाकांची भाषा

आता त्या एकोणीस इंची अलॉयकडे वळू. चाक केवळ ‘बसते’ म्हणून योग्य ठरत नाही. पाच मापे जुळावी लागतात.

पहिले, बोल्टच्या वर्तुळाचे माप. मर्सिडीज आणि ऑडीत पाच बोल्ट ११२ मिलिमीटरच्या वर्तुळावर असतात, जुन्या बीएमडब्ल्यू गाड्यांत १२० च्या, व्होल्वो आणि जॅग्वारमध्ये १०८ च्या, पोर्शमध्ये १३० च्या. दुसरे, मधल्या भोकाचा व्यास. मर्सिडीजचे हब ६६.६ मिलिमीटरचे. बाहेरच्या चाकाचे भोक अनेकदा मुद्दाम मोठे ठेवतात आणि मधली फट एका कड्याने भरतात. ते कडे हरवले वा वितळले, तर चाक केंद्रावर न बसता केवळ बोल्टांवर तोलले जाते आणि वेग वाढताच सुकाणू थरथरू लागते.

तिसरे, ऑफसेट, म्हणजे चाकाच्या रुंदीचा मध्य आणि हबला टेकणारा पृष्ठभाग यांतील अंतर. मूळ चाक साडेसात इंच रुंद आणि ४५ ऑफसेटचे. नवे साडेआठ इंच रुंद आणि ३० ऑफसेटचे. ऑफसेटमुळे चाक १५ मिलिमीटर बाहेर आले आणि रुंदीच्या अर्ध्या इंचामुळे आणखी सुमारे १३. म्हणजे चाकाची बाहेरची कड जवळजवळ २८ मिलिमीटर बाहेर. बेअरिंगवरचा ताण वाढतो, सुकाणू खड्ड्यात खेचले जाते आणि पाचजण बसले की टायर मडगार्डला घासतो. चाकाच्या आत पत्र्याची चकती, म्हणजे स्पेसर, घातलेला आढळला तर तेही याच प्रकारचे दुखणे समजावे.

चौथे, भार पेलण्याची क्षमता. नोंदवलेला मागच्या आसाचा कमाल भार १,२५० किलो असेल, तर प्रत्येक मागच्या चाकावर किमान ६२५ किलोचा आकडा असला पाहिजे. हा आकडा चाकाच्या मागच्या बाजूस ओतलेला असतो. तेथेच उत्पादकाचे नाव, माप आणि मानकाची खूण दिसते: भारतीय मानक ब्युरोची, जपानची जेडब्ल्यूएल वा जर्मनीची टीयूव्ही. मागची बाजू कोरी असलेले चाक म्हणजे नाव-गाव नसलेला माणूस. त्याला घरात घेऊ नये.

पाचवे, बोल्टची बैठक. मर्सिडीज, ऑडी, पोर्श यांच्या मूळ बोल्टचे बूड गोलाकार असते. बाजारातील बहुतेक चाकांना निमुळत्या बुडाचा बोल्ट लागतो. चुकीचा बोल्ट आवळला गेला तरी केवळ कडेवर टेकतो आणि हळूहळू सैल होतो. गाडी घेताना डिकीतील जादा बोल्टही पाहावेत आणि बसवलेल्या बोल्टांशी जुळवावेत.

टायर मोठे, रस्ता तोच

२२५/४५ आर १७ या टायरचा व्यास सुमारे ६३४ मिलिमीटर असतो. २२५/४० आर १८ घेतला तर ६३७. फरक अर्ध्या टक्क्याचा, चालण्याजोगा. पण २४५/३५ आर १९ घेतला तर ६५४, म्हणजे तीन टक्क्यांहून अधिक. मूळ चाकांवर शंभर दाखवणारा काटा तितकाच दाखवील, पण गाडी धावेल १०३ ने. आणि वापराचे किलोमीटरही तितकेच कमी नोंदले जातील.

याहून महत्त्वाची आहे टायरची भिंत. सतरा इंची टायरची भिंत १०१ मिलिमीटर, एकोणीस इंचीची ८६. त्या पंधरा मिलिमीटर रबराने आणि हवेने जो धक्का पचवायचा, तो आता धातूवर येतो. बसवकल्याण-हुलसूर परिसरात कोठे जांभ्याचे पठार तर कोठे काळी रेगड माती. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यावरचा डांबरी रस्ता लाटा घेतो. हंगामात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या त्या लाटांचे खड्डे करतात. पणजीच्या गुळगुळीत रस्त्यावर शोभणारे चाक येथे पहिल्या पावसाळ्यात वाकू शकते वा तडकू शकते. तडकलेले अलॉय वेल्डिंग करून परत बसवणे म्हणजे दुरुस्ती नव्हे, लांबणीवर टाकलेला अपघात होय.

आणखी दोन खबरदाऱ्या. अनेक बीएमडब्ल्यू गाड्यांत हवा गेल्यावरही काही अंतर धावणारे रनफ्लॅट टायर असतात, म्हणून जादा चाक दिलेलेच नसते. चाके बदलताना साधे टायर बसवले असतील, तर रात्री अकरा वाजता उमरग्याच्या पुढे पंक्चर झाल्यावर हातात काहीच नसते. आणि चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत पुढील व मागील टायरांच्या व्यासांत फरक पडला, तर ताकद वाटणारा ट्रान्सफर केस झिजतो. त्याची दुरुस्ती लाखांत जाते.

टायरवरील चार आकडे वय सांगतात: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर तो टायर नियमाने बाद. गोव्याच्या गाडीत आणखी एक गोष्ट पाहावी. खारी हवा अलॉयच्या कडेवरचा रंग पोखरते, आणि जेथे टायर टेकतो तेथे पांढरी पूड धरते. मग हवा रोज थोडी थोडी उतरते. गाडी जॅकवर घेऊन खालचा सांगाडा, ब्रेकच्या नळ्या आणि चाकाची आतली कड गंजासाठी पाहावी.

कायदा आणि विमा चाकाकडे कसे पाहतात?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणीतील तपशील विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार नियमबाह्य बदलाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद वा दोन्ही होऊ शकतात. याचा अर्थ प्रत्येक अलॉय बेकायदा असा नव्हे. त्याच मॉडेलच्या एखाद्या आवृत्तीसाठी कंपनीने स्वतः जे माप दिले आहे, त्या मापात राहणे हा सुरक्षित मार्ग. ती मापे चालकाच्या दाराजवळील पट्टीवर वा माहितीपुस्तिकेत छापलेली असतात. मडगार्डच्या बाहेर डोकावणारे चाक मात्र नव्या क्रमांकासाठी होणाऱ्या तपासणीत अडू शकते, आणि ती तपासणी आता घेणाऱ्याच्या नावावर असते.

विम्याच्या दृष्टीने ही चाके कंपनीने दिलेल्या साहित्यात मोडत नाहीत. ती स्वतंत्रपणे कळवली नसतील, तर चोरीला गेल्यावर त्यांची भरपाई मिळेलच असे धरता येत नाही. आणि अपघाताचे कारण चाकच ठरले तर साऱ्या दाव्यावर प्रश्न उभा राहू शकतो. विमा नावावर करताना चाकांची नोंद लेखी करून घ्यावी.

पैसे देण्यापूर्वीचा क्रम

प्रथम परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर नोंदणी, बोजा, विमा आणि चलने पाहावीत. गाडी पूर्वी भाड्याने दिली जात होती का, हे गोव्याच्या गाडीबाबत विशेष करून विचारावे. मग कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात चासी क्रमांक देऊन जुन्या सेवांची नोंद आणि किलोमीटर जुळवावेत. हुलसूरहून अशा केंद्रासाठी हैदराबाद वा पुणे गाठावे लागते. तो प्रवास पुढेही प्रत्येक वेळी करायचा आहे, हे त्याच दिवशी ध्यानात येते. त्यानंतर गाडी जॅकवर घेऊन चारही चाके उतरवून पाहावीत. चाके उतरवू न देणाऱ्या विक्रेत्याकडून गाडी घेऊ नये. शेवटी कराचा आकडा परिवहन कार्यालयातून घ्यावा आणि मगच किंमत बोलावी.

पैसा बँकेतूनच द्यावा. दोन लाख वा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारणे आयकर कायद्याने निषिद्ध आहे आणि दंड घेणाऱ्यावर तितक्याच रकमेचा बसतो. त्यामुळे रोखीचा आग्रह धरणारा विक्रेता एकतर नियम जाणत नाही किंवा फार चांगला जाणतो. काही रक्कम ना-हरकत दाखला हाती येईपर्यंत राखून ठेवावी आणि तसे करारात लिहावे. व्यापाऱ्याकडून गाडी घेतली तर त्याच्या नफ्यावर १८ टक्के जीएसटी असतो. दोन खासगी व्यक्तींच्या व्यवहारात तो लागत नाही.

आणि एक शेवटची मागणी करावी, जी बहुतेक खरेदीदार विसरतात: काढून ठेवलेली मूळ चार चाके. ती बहुधा कोठल्यातरी गॅरेजच्या कोपऱ्यात धूळ खात असतात. मिळाली तर तपासणीच्या दिवशी, पावसाळ्यात आणि पुढे गाडी विकताना तीच उपयोगी पडतात. न मिळाल्यास नव्या सेटची किंमत पंधरा लाखांतून वजा करून मगच हात मिळवावा.